फाटकावरच्या पाटीची कैफियत

मी एक जुनी पाटी आहे. मित्रांनो, पाटी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर शाळेतली, ओल्या फडक्याने पुसायची पाटी आली असेल. ती मी नव्हे. मी पत्र्याची आहे. लाकडी चौकटीत ठोकलेली, दोन हात लांब आणि हातभर रुंद. एका दुमजली इमारतीच्या फाटकावर मी आयुष्याची बरीच वर्षं काढली. शाळेतल्या पाटीचं नशीब माझ्यापेक्षा चांगलं. तिच्यावर कोणी चुकीचं लिहिलं तर ते लगेच पुसता येतं. माझ्यावर जे लिहिलं गेलं ते मला ऊन-पावसात छातीवर मिरवावं लागलं. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतात म्हणे. मला ते साधेल असं वाटत नाही, कारण मला रडू येत नाही, राग येतो.

माझा पत्रा एका मोडक्या शटरचा. चौकातल्या पेंटरने तो कातरला, कडा हातोडीने वळवल्या, लाल प्रायमरचे दोन हात दिले आणि वर पांढरा रंग चढवला. मग खडू लावलेला दोरा ताणून त्याने माझ्या अंगावर रेघा पाडल्या आणि जीभ दातांत धरून निळ्या रंगाने अक्षरं काढायला बसला. कामात असला की तो स्वतःशीच पुटपुटायचा, "शिरोरेषा वाकडी गेली की मजकूर खोटा वाटतो."

वर त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'खोल्या भाड्याने मिळतील'. खाली लहान अक्षरांत, 'फक्त कुटुंबासाठी'. इमारतीचे मालक मला न्यायला आले. बाजारात त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून मला वाचलं आणि नाराजीने मान हलवली.

"खालची ओळ मोठी करा."

"मालक, वरची मोठी असते. लांबून कळायला हवं ना, खोल्या आहेत म्हणून."

"खोल्या आहेत हे काय, कुणालाही कळेल. कुणाला नाहीत ते आधी कळलं पाहिजे."

पेंटरने खालची ओळ पुसली आणि ती वरच्यापेक्षा मोठी काढली. माझी शिरोरेषा फूटपट्टीसारखी सरळ होती. मजकूर मात्र खोटाच निघाला. ते कळायला मला फार दिवस लागले नाहीत.

इमारतीत सहा बिऱ्हाडांची सोय होती. खाली तीन, वर तीन. प्रत्येकाला एक खोली, एक स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि कपडे वाळत घालायला चिंचोळी गॅलरी. पहिल्याच महिन्यात एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. भर दुपारी त्यांच्या अंगाला दारूचा वास येत होता. मालकांनी फक्त विचारलं, "नवरा-बायको ना?" आणि किल्ली काढून दिली. पुढची चार वर्षं त्या घरातून भांडी आपटल्याचे आवाज येत राहिले. ती बाई फाटकातून बाहेर पडताना केस गालावर ओढून घ्यायची. ते कुटुंब होतं! माझ्या छातीवरच्या ओळीत ते अगदी चपखल बसत होतं.

मग एक बाई जुळ्या मुलांना दोन हातांना धरून आली. तिचा नवरा वारला होता. मालक हळहळले, त्यांनी मुलांना पाणी दिलं आणि म्हणाले, "अरेरे, कालच गेली हो खोली." खोली कुठेही गेली नव्हती. गेली असती तर मला फाटकावरून काढलं नसतं का? पुढच्याच आठवड्यात एक बाप मुलाला घेऊन आला. त्याची बायको घर सोडून गेली होती. मालक फाटकातच बायकोला म्हणाले, "बिचारा एकट्याने मूल वाढवतोय. आपण नाही तर कोण मदत करणार?" आणि त्याला वरची हवेशीर खोली मिळाली. त्या बापाबद्दल माझं काही म्हणणं नाही. तो भला माणूस होता. पण बाप आणि मूल हे कुटुंब, मग आई आणि मूल कोण? मालकांना हे विचारायला मला तोंड नव्हतं. होती ती फक्त अक्षरं, आणि तीही त्यांचीच.

एका दुपारी चष्मेवाली आली. ती स्वतः चष्मा लावत नसे. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवण्याचं काम करायची, म्हणून सगळे तिला चष्मेवाली म्हणत. बोटांच्या टोकांना घासकामाची पांढरी पूड कायमची बसलेली. बरोबर सहा वर्षांची मुलगी, बबडी. मालक फाटकाच्या बिजागरीला तेल घालत होते.

"मिस्टर कुठे असतात?" त्यांनी विचारलं.

"नाहीत."

"नाहीत म्हणजे? बाहेरगावी?"

"नाहीत म्हणजे नाहीत. मी आणि ही, दोघीच. माझी नोकरी आहे. दुकानाचं पत्र आणलंय."

मालकांनी पत्राकडे पाहिलंही नाही. "तसा माझा स्वतःचा काही आक्षेप नाही हो. पण बाकीचे भाडेकरू आहेत. सगळी फॅमिलीवाली माणसं. उद्या कुणी काही बोललं तर तुम्हालाच त्रास."

"कोण बोलणार? आणि काय?"

"तुम्ही समजून घ्या ना."

बबडी नुकतीच वाचायला शिकली होती. दिसेल ते वाचायचं वय. तिने माझ्याकडे बोट करून एकेक अक्षर लावलं, "फ-क्त कु-टुं-बा-सा-ठी." मग तिने आईचा हात ओढला. "आई, आपण कुटुंब आहोत ना?"

"आहोत," चष्मेवाली म्हणाली. "पण यांना दोनपर्यंत मोजता येत नाही."

मालकांचे कान लाल झाले. त्यांनी तेलाची बाटली उचलली आणि आत निघून गेले. त्या मायलेकी रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि मी लोंबकळत बघत राहिले. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. मारणाऱ्या माणसाच्या हातातली काठी होणं आणि नाकारणाऱ्या माणसाची पाटी होणं, यात मला तरी फारसा फरक दिसत नाही.

तीन वर्षांनी मालक थकले आणि मुलाकडे राहायला जायचं ठरलं. इमारत रिकामी करून त्यांनी विकायला काढली. बघायला बरेच जण आले. त्यांतल्या एका बाईंनी इमारतीकडे बघण्याआधी माझ्याकडे बघितलं. करड्या केसांचा घट्ट अंबाडा, पायांत पांढऱ्या कापडी चपला. बत्तीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलच्या प्रसूती विभागात काम केलं होतं आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांच्याबरोबर त्यांचा भाचा होता. घरांच्या खरेदी-विक्रीत दलाली करायचा. बोलायला गोड आणि फोनवर आकडेमोड करण्यात पटाईत.

सिस्टर त्याला म्हणाल्या, "बाळंतिणीला घरी सोडताना आम्ही एक फॉर्म भरून घेतो. बाळाचं वजन, पुढची तपासणी कधी, घरचा पत्ता. बाकीचं सगळं बायका भराभर सांगतात. पत्त्यापाशी आलं की काही जणी गप्प होतात. एक म्हणाली, सिस्टर, तुमचाच लिहा ना. लिहिला मी. पण ती गेली कुठे, मी विचारलंही नाही. पुढच्या खाटेवरची कळा देत होती."

"मावशी, म्हणजे तुला दानधर्म करायचाय."

"दान कशाला? दान घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते. आपण भाडं घ्यायचं, पावती द्यायची. इमारतीची डागडुजी निघाली आणि तुझ्या-माझ्या पैशाला बँकेत ठेवल्याएवढा परतावा सुटला की बास. फक्त बाईचा निम्मा पगार भाड्यात जाता कामा नये. नाहीतर ती पोराला काय खायला घालणार?"

भाच्याने फोनवर हिशोब केला. "बुडत तर नाही," तो म्हणाला. "फार सुटतही नाही. पण ठीक आहे. जागा चांगली आहे, भाव वाढेल." निम्मे सिस्टरचे, निम्मे भाच्याचे, असा सौदा झाला.

सिस्टरने पहिलं काम केलं ते मला खाली उतरवण्याचं. त्याच पेंटरकडे मला नेलं. त्याचे केस पांढरे झाले होते आणि हात थोडा कापत होता. "खालच्या ओळीत काय लिहायचं?" त्याने विचारलं. सिस्टर म्हणाल्या, "लिहा, एकट्या आईला प्राधान्य." पेंटरने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं आणि पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. ती निळी ओळ रंगाखाली बुडाली तेव्हा मला न्हाऊन निघाल्यासारखं वाटलं. या वेळी शिरोरेषा जरा वाकडी गेली. मला त्याचं काही वाटलं नाही.

तळमजल्यावरच्या एका खोलीत सिस्टर स्वतः राहायला आल्या. उरलेल्या पाचांसाठी मी फाटकावर उभी राहिले. तिसऱ्याच दिवशी ओळखीची पावलं वाजली. चष्मेवाली! बबडी आता नऊ वर्षांची झाली होती. मधली तीन वर्षं त्या दोघी चष्म्याच्या दुकानामागच्या कोठीत राहिल्या होत्या. फ्रेमच्या खोक्यांमध्ये अंथरूण घालायचं आणि दुकान उघडायच्या आत ते गुंडाळून ठेवायचं. बबडीला ताप आला तरी.

चष्मेवालीने मला दोनदा वाचलं. मग सिस्टरना म्हणाली, "मागे मला इथे खोली नाही म्हणाले होते. खोली होती."

"असणार."

"मग आता यात गोम काय आहे?"

"गोम? गच्चीवरची टाकी गळते. आणि मी सकाळी रेडिओ मोठ्याने लावते."

चष्मेवालीला हसू आलं, पण ती पटकन हसली नाही. तिने नळ सोडून बघितला, खिडकीच्या चौकटीला वाळवी आहे का ते ठोकून बघितलं, दोन महिन्यांचं भाडं आगाऊ मागणार का ते विचारून घेतलं. बबडीचं लक्ष दुसरीकडेच होतं. ती दार आतून लावत होती, उघडत होती, पुन्हा लावत होती.

"आई, ही कडी आपली?"

"आपली."

"मग आता सकाळी लवकर उठून गुंडाळायचं नाही?"

चष्मेवालीने पर्स उघडली. तिने पहिल्या महिन्याचं भाडं मोजून सिस्टरच्या हातावर ठेवलं.

बघता बघता पाचही खोल्या भरल्या. बस कंडक्टर असलेली एक उंच, खणखणीत आवाजाची बाई दोन मुलींना घेऊन आली. एक टेलिफोनवर लोकांच्या तक्रारी ऐकण्याचं काम करणारी, एक दवाखान्यात साफसफाई करणारी. आणि शेवटची बेकरीवाली. विशीतलं पोरगंच ते. कडेवर आठ महिन्यांचं बाळ, केसांत मैद्याची पूड आणि कोणी मोठ्याने बोललं की दचकायची सवय. ती कुठून आली ते कोणी विचारलं नाही. तिच्या बाळाने पहिलं पाऊल टाकलं ते माझ्याखालच्या फाटकाचे गज धरून. त्या दिवशी कंडक्टरबाईंनी शिट्टी वाजवून सगळ्यांना गॅलरीत बोलावलं होतं.

ते दिवस मित्रांनो, माझ्या आयुष्यातले खरे दिवस. कोणाची पाळी सकाळची, कोणाची दुपारची. जी घरी असेल तिच्या ओट्यावर सगळ्यांच्या पोरांचं दूध तापायचं. चष्मेवालीने बारीक हत्यारं वापरून सगळ्या कड्या-कुलपं दुरुस्त केली. गच्चीवरची टाकी बदलली. भाडं ठरल्या दिवशी सिस्टरच्या टेबलावर यायचं आणि त्याची पावती मिळायची.

पण सरळ चाललेलं लोकांना बघवतं का? समोरच्या बंगल्यातल्या काकांनी गल्लीभर फिरून एका अर्जावर सह्या गोळा केल्या. वस्तीचं वातावरण बिघडत आहे, असं त्या अर्जात लिहिलं होतं. त्याच सुमारास कोणीतरी दगड मारून माझ्या डाव्या कोपऱ्याला पोचा पाडला. कंडक्टरबाई ड्यूटीवरून गणवेशातच आल्या आणि फाटकापाशी काकांना गाठलं.

"काका, वातावरण बिघडतंय म्हणे. नेमकं कोणत्या थांब्यावर बिघडतंय सांगा, मी गाडी थांबवते."

"तसं नाही, बाई. घरात पुरुषमाणूस नाही कुणाच्या. उद्या काही झालं म्हणजे?"

"काही झालं म्हणूनच तर आम्ही इथे आलोय. आणि ते झालं तेव्हा घरात पुरुषमाणूस होता."

काका फाटक न लावताच घरी गेले. अर्जाचं पुढे काही झालं नाही. पण गल्लीतल्या दोन घरांनी आपल्या मुलांना बबडीबरोबर खेळायला पाठवणं बंद केलं. ही माणसं सकाळी एकमेकांना हसून नमस्कार करणारी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. कंडक्टरबाईंनी तोंडावर बोलायला गाठलं असतं तर प्रत्येकाने हेच सांगितलं असतं, की माझा स्वतःचा काही आक्षेप नाही.

चारेक वर्षं गेली आणि भाच्याला कौतुकाची चटक लागली. त्याच्या धंद्यातल्या लोकांची एक संघटना होती. समाजकार्यासाठी त्याचा सत्कार करायचं त्यांनी ठरवलं. फोटोला बरं दिसावं म्हणून एका सकाळी तो चकचकीत छापील कागद घेऊन आला आणि माझ्यावर चिकटवून गेला. मजकूर होता, 'निराधार महिला आश्रय'. बाजूला त्याचाच हात जोडलेला फोटो.

संध्याकाळी एकेक जण कामावरून परतली आणि फाटकाशी थबकली. बबडी तेव्हा तेरा वर्षांची. शाळेतल्या मैत्रिणींबरोबर येत होती. मैत्रिणींनी ते वाचलं आणि एकमेकींकडे बघितलं. बबडी आत गेली आणि आईचं काच खरवडायचं पातं घेऊन आली. कोणाला न विचारता तिने फोटोपासूनच सुरुवात केली. पात्याचे ओरखडे माझ्या रंगावर उमटले. मी हूं की चूं केलं नाही. उलट मनात म्हटलं, अजून खरवड.

भाचा धावत आला. "अगं, काय करतेयस? पैसे पडलेत त्याला!"

कंडक्टरबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आम्ही निराधार? मी दिवसाला शेकडो माणसं घरी पोचवते. भाडं देते, पावती घेते. तुमच्या घरी राहणारा एखादा साहेब भाडं देतो तेव्हा त्याला तुम्ही आश्रय दिला म्हणता का?"

"लोकांना अशी गोष्ट भावते हो," भाचा म्हणाला. "तुमच्यासाठीच करतोय मी."

"आमच्यासाठी करायचं असेल तर जिन्यातला दिवा लावा," चष्मेवाली म्हणाली. "पंधरा दिवस झाले, बंद आहे."

सत्कार झाला तो झालाच. माझा चेहरा मात्र खरवडलेला, कुठे कागद चिकटलेला, कुठे गंज डोकावणारा. तसंही कोणी खोली सोडत नव्हतं, त्यामुळे मला काम उरलं नव्हतं. सिस्टरने मला उतरवून जिन्याखाली ठेवलं. पाण्याचा मीटर, एक पंक्चर सायकल आणि मी. तीन वर्षं माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मला वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण जिन्यावरून पोरांच्या उड्या ऐकू यायच्या आणि मी स्वतःला समजवायची की पाटी जिन्याखाली पडली आहे याचा अर्थ पाचही घरं भरलेली आहेत.

मग रस्त्याच्या टोकाला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांत मोठमोठी कार्यालयं आली. कार्यालयांबरोबर गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली तरुण माणसं आली आणि आसपासची भाडी दुप्पट झाली. त्याच वर्षी सिस्टर न्हाणीघरात घसरल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. त्या अंथरुणाला खिळलेल्या असताना भाच्याने त्यांना न विचारता पाचही घरांच्या दारांवर नोटिसा लावल्या. दोन महिन्यांत खोल्या रिकाम्या करा.

त्याच दुपारी सिस्टरने त्याला बोलावून घेतलं. त्यांची खोली जिन्याला लागूनच असल्यामुळे मला शब्द न शब्द ऐकू येत होता.

"सात वर्षं झाली. तुझा एक पैसा तरी बुडाला का रे?"

"बुडाला नाही, मावशी. पण जे मिळू शकतं ते मिळत नाहीये. बाहेर बघ जरा, काय भाव चाललाय. मी काही धर्मशाळा उघडलेली नाही."

"धर्मशाळा नाहीच ही. त्या भाडं देतात. ठरलं होतं तेवढं तुला दर वर्षी मिळालं. सत्कारही मिळाला. मिळालं त्याच्याकडे बघत नाहीस आणि न मिळालेल्याचं सुतक पाळतोस?"

"तू भावनेवर चाललीस. मी व्यवहार बोलतोय."

"मी पण व्यवहारच बोलते. आपल्या करारात लिहिलंय, दोघांपैकी एकाला बाहेर पडायचं असेल तर त्याने आपला हिस्सा आधी दुसऱ्याला द्यायचा, बाजारभावाने. तू पड बाहेर."

भाचा हसला. "पैसे कुठून आणणार?"

हा प्रश्न चुकीचा नव्हता. सिस्टरकडे तेवढे पैसे नव्हते. पण दार उघडं होतं आणि जिन्यात चष्मेवाली उभी होती. सिस्टरच्या निम्म्या हिश्शासकट पाच जणींनी मिळून एक सहकारी संस्था करायची आणि भाच्याचा हिस्सा कर्ज काढून घ्यायचा, असं त्या दोघींनी तिथेच ठरवलं. मग चष्मेवाली आणि कंडक्टरबाई बँकांच्या पायऱ्या चढू लागल्या. पहिल्या बँकेत विचारलं, पतीची सही कुठे आहे? दुसऱ्या बँकेत विचारलं, जामीन म्हणून वडील किंवा भाऊ? तिसरीत साहेब जेवायला गेले होते आणि चार दिवस जेवतच होते. चौथ्या ठिकाणी अधिकाऱ्याने कागद न वाचताच सांगितलं, "तुमच्यासाठी सरकारी योजना असतात ना?" कंडक्टरबाई घरी येऊन जिन्यावर बसल्या आणि बूट काढून भिंतीवर फेकले. सात वर्षं एकदाही भाडं न चुकवणाऱ्या बाईला नवऱ्याची सही मागणारे हे लोक! ज्याने तिला घराबाहेर काढलं त्याचीच सही!

शेवटी एका लहानशा पतसंस्थेतल्या एका वयस्कर कारकुनाने पावत्यांचा गठ्ठा मागून घेतला, अख्खी दुपार बसून तो चाळला आणि म्हणाला, "आमच्या संचालकांचीसुद्धा परतफेड इतकी सरळ नाही." कर्ज मिळालं. भाच्याने आपला हिस्सा विकला. तोट्यात गेला असं समजू नका. वाढलेल्या भावाचा पुरेपूर नफा घेऊन तो गेला, आणि जाताना फाटकाशी म्हणाला, "बघा, माझ्यामुळे तुमचं भलंच झालं." इमारत पाच जणींची आणि सिस्टरची झाली.

नाही, पाच नाही, चार जणींची. हे सांगताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

बेकरीवाली नोटिशीला फार घाबरली होती. सगळ्यांनी तिला सांगितलं, थांब, काहीतरी करू. पण तिला आयुष्यात कोणी काही केलेलं माहीत नव्हतं. नोटिशीनंतर तिसऱ्या आठवड्यात, सगळ्या कामावर गेलेल्या असताना, तिने दोन पिशव्या भरल्या, मुलाचा हात धरला आणि किल्ली सिस्टरच्या उशाशी ठेवून ती निघून गेली. सिस्टर झोपल्या होत्या. बेकरीत विचारलं तर तिने तिथलंही काम सोडलं होतं. जिथून ती पळून आली होती तिथेच परत गेली, असं तिथली एक बाई म्हणाली. कंडक्टरबाई अजूनही बस चालू असताना प्रत्येक थांब्यावरचे चेहरे बघतात. ती सापडलेली नाही.

एका कागदाने हे केलं, मित्रांनो. भाच्याने तिला ढकललं नाही, शिवी दिली नाही. त्याने फक्त एक कागद चिकटवला. एक छोटी पाटीच की ती!

तिची खोली सहा महिने कुलूप लावून ठेवली. मग सिस्टर म्हणाल्या की रिकामी खोली म्हणजे कोणाच्या तरी डोक्यावरचं काढून घेतलेलं छप्पर. कर्जाचे हप्तेही होतेच. मला जिन्याखालून बाहेर काढलं. पेंटर आता राहिला नव्हता. सोळा वर्षांच्या बबडीने पॉलिश पेपरने माझा गंज घासला, पोचा हातोडीने जमेल तेवढा सरळ केला, प्रायमर दिला आणि लिहिलं, 'एक खोली भाड्याने देणे आहे. आई आणि मुलांसाठी. बाकी काही विचारणार नाही.'

सकाळी मला फाटकावर टांगलं. दुपारपर्यंत खाली चार बाया उभ्या होत्या. एकीच्या कडेवर तान्हं, एकीबरोबर तीन मुलं. एक पोटुशी, हातात हॉस्पिटलची फाइल. एक तर चांगल्या नोकरीतली, इस्त्रीचे कपडे, मुलगी शाळेच्या गणवेशात. घरमालकाने एका आठवड्याची मुदत दिली होती, कारण तिचा घटस्फोट झाल्याचं त्याला कळलं होतं. चौघींनी मला वाचलं. मग चौघींनी एकमेकींकडे बघितलं. एक खोली आणि चार आया. सिस्टर काठी टेकत बाहेर आल्या, पायरीवर बसल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. बत्तीस वर्षं कळा देणाऱ्या बायकांसमोर जी बाई डगमगली नाही, तिला त्या दिवशी कोणाला नाही म्हणायचं ते ठरवता येईना.

खोली पोटुशीला मिळाली. तिघी परत गेल्या. चष्मेवालीने तिघींचे फोन नंबर लिहून घेतले, पण नंबर म्हणजे काही छप्पर नव्हे. त्या गेल्या ती गल्ली घरांनी भरलेली आहे. त्यांतल्या कितीतरी खिडक्या वर्षानुवर्षं बंद आहेत. काही जणांची ती गुंतवणूक आहे म्हणे. भाव वाढेपर्यंत कोणी आत राहत नाही, दिवा लागत नाही. आणि खालून तीन आया पोरांची बोटं धरून चालत जातात. याचा राग येऊ नये म्हणता? मग राग कशाचा यायचा?

जुन्या वस्तूने शेवटी आपली काळजी घ्या असं सांगायचं असतं. मला ते मागायचं नाही. मी गंजले तर गंजले. तुमच्यापैकी काही जण मोठेपणी घरांचे मालक व्हाल. एक राहायला, एक पैसा गुंतवायला. त्यात काही गैर नाही. भाडं घ्या, वेळेवर घ्या, पावती द्या. पण एखादी आई लेकराला घेऊन तुमच्या फाटकाशी आली तर तिच्या आयुष्याची चौकशी करू नका. तिच्यावर उपकारही करू नका. तिला आत बोलवा, खोली दाखवा, भाडं सांगा. एवढं तर तुम्ही कोणत्याही अनोळखी पुरुषासाठी करालच.